उजव्या हाताची गाठ

आधी चूक सांगतो, आजार नंतर.

उंब्रजला हायवेच्या बाजूला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की आमच्याकडे येतात. जळकी तार तोडून काढायची, खाचांमध्ये नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत भाजायचं आणि शेतकऱ्याच्या गाडीत चढवून द्यायची, असं काम. हे काम मला दाजींनी शिकवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. फौजेत वर्कशॉपला होते. पेन्शनीवर घरी आले आणि मला म्हणाले, "अशोक, तू दुकान टाक. हात मी देतो." पंधरा वर्षं आम्ही एका बाकाच्या दोन बाजूंना बसून मोटरी भरल्या. पाटीवर नाव माझं होतं, पण गिऱ्हाईक यायचं ते दाजींच्या हाताला.

तार भरून झाली की बाहेर राहिलेले वेढे सुती दोऱ्यानं आवळून बांधतात. दाजी डावखुरे. त्यांच्या गाठी डावीकडे वळलेल्या असायच्या, माझ्या उजवीकडे. एखादी मोटर जळून परत आली, तर झाकण काढल्याबरोबर कळायचं की कुणी भरली होती. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नसे. आम्हा दोघांनाच कळे.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. उसाला पाणी द्यायचे ऐन दिवस. भीमराव तात्यांची मोटर आम्ही भरून दिली आणि दहा दिवसांत ती जळाली. त्या महिन्यात आधीच दोन जळून आल्या होत्या. तात्या दुकानात शिरले ते ओरडतच.

"अशोक, मोटर भरतुयास का मडकं? ऊस वाळाय लागला माझा!"

चार गिऱ्हाइकं उभी होती. दाजी पलीकडे वार्निशच्या ट्रेपाशी होते. मी झाकण काढलं. आतली गाठ उजव्या हाताची होती.

मी पक्कडीनं दोरा तोडला, मुठीत धरला आणि म्हणालो, "दाजींनी भरलेली हाय ही, तात्या. वय झालं त्यांचं. नजर ऱ्हायली न्हाई."

दाजींनी मान वर केली नाही. हातातल्या मोटरीवर वार्निश ओतत राहिले. संध्याकाळी रॉकेलनं हात पुसले, डबा घेतला, सायकलवर बसून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी बोलवायला गेलो नाही.

महिन्याभरात सगळ्या पट्ट्यात पसरलं की दाजींनी भरलेली मोटर टिकत नाही. कुठल्याच दुकानानं त्यांना घेतलं नाही. मग पाटण रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात ते वॉचमन म्हणून लागले. लग्नाच्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून वऱ्हाडाच्या गाड्या लावायचे. आक्कानं त्या वर्षी मला राखी बांधली नाही.

आणि खरं सांगायचं तर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा तीन महिन्यांपासून बधिर होती. खाचेच्या कडेला घासून तारेवरचं इनॅमल, म्हणजे करंट बाहेर जाऊ न देणारा लेप, निघतं; ते चांगल्या कारागिराला बोटाच्या टोकाला कळतं. मला कळत नव्हतं. मी तारा सोलून सोलून मोटरीत भरत होतो. आणि ही गोष्ट मी कुणालाही, अगदी बायकोलाही, सांगितली नव्हती.

तोडलेला दोरा मी फेकला नाही. ड्रॉवरमध्ये तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवला. का ठेवला, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

अर्थिंग

आता आजार. तो इतका विचित्र सुरू झाला की आजही सांगताना हसू येतं.

मोटरीवर मान वाकवली की पाठीतून पार टाचेपर्यंत करंट जायचा. झिण्ण करून. मान सरळ केली की बंद. आता मी जन्मभर विजेत काम केलेला माणूस. मला एकच कारण सुचलं, दुकानाचं अर्थिंग गेलंय! मी टेस्टर घेऊन बाक तपासला, भट्टी तपासली, शटर तपासलं. काही नाही. तरी मागं खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून नवी अर्थिंगची पट्टी पुरली. रबरी चप्पल घालून काम करायला लागलो. करंट तसाच.

मग एका शनिवारी मारुतीच्या देवळात गेलो. नमस्काराला मान वाकवली आणि तिथंही करंट बसला. मी दचकून मागे सरलो. सुनंदा, माझी बायको, शेजारी उभी होती.

"काय झालं?"

"शॉक बसला."

तिनं माझ्याकडे बघितलं, मारुतीकडे बघितलं. "आता देवाचंबी अर्थिंग करताय का काय?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी तिला सगळं सांगितलं. बोटं, करंट, आणि छातीभोवती कुणीतरी पट्टा आवळावा तसं वाटणं. गिऱ्हाइकाबरोबर बोलता बोलता एकदा लघवी आवरली नाही, हेही सांगितलं. मागं वळून मी घाईघाईनं रॉकेलचा डबा पँटवर उलथा केला होता, म्हणजे ओल कसली ते कळू नये. सुनंदा हसली नाही. "एवढं सगळं झालं आन् मला वासानंसुदिक कळू दिलं न्हाई तुमी," एवढंच म्हणाली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. लपवणं हा माझा जुना धंदा आहे, हे तिला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर एका डोळ्यापुढं धूर आला. उजवा डोळा झाकून तांब्याची तार बघितली तर ती तांबडी दिसेना, ओल्या मातीसारखी दिसली. त्याच आठवड्यात कढत पाण्यानं आंघोळ केली आणि पाटावरून उठताच येईना. पाय जणू दुसऱ्या कुणाचे. थोडा गार झालो तसे परत माझे झाले. कराडच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायावर किल्लीनं रेघ ओढली, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "मिरजेला जावा. आजच."

नाव कळलं तो दिवस

एमआरआयच्या बोगद्यात ठक-ठक, घर्र-घर्र असे आवाज येतात. लोक घाबरतात. मी आत पडल्या पडल्या विचार करत होतो, हे बेअरिंग गेलंय. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीला मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "काका, ते असंच वाजतं." मला अजून तसं वाटत नाही.

पाठीतून पाणी काढलं, डोळ्यांच्या तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना खोलीत बसवलं. मिरजेच्याच होत्या, बोलायला मोकळ्या. पडद्यावर माझा मेंदू दाखवला, मानेतला मज्जारज्जू दाखवला. त्यावर पांढरे ठिपके.

"याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. आपल्या नसांवर एक वेष्टण असतं, मायलिन नावाचं. त्याच्यामुळं मेंदूचा निरोप झटकन पोचतो. तुमच्यात ते जागोजागी निघालंय."

मी म्हणालो, "म्हंजे इनॅमल खरवडलं."

मॅडमनी पडद्यावरून मान वळवली. "तुम्ही काय करता?"

"मोटरी भरतो."

"मग तुम्हाला मी काय शिकवणार?" त्या हसल्या. "बरोबर. इनॅमल खरवडलं."

"पर खरवडलं कुणी?"

"तुमच्याच शरीरानं. रोगजंतूंशी लढणाऱ्या आपल्या पेशी असतात. पहारेकरी म्हणा. त्यांची ओळख चुकली. त्या मेंदूत शिरल्या आणि आपल्याच वेष्टणाला परकं समजून मारायला लागल्या. असं का होतं, ते अजून पुरतं कुणाला माहीत नाही. पण तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही."

मी तीन प्रश्न विचारले. ज्यांना कालपरवा हेच नाव कळलं असेल, त्यांच्या मनातही हेच असणार, म्हणून सांगतो. ह्यानं मी मरंन का? मॅडम म्हणाल्या, ह्या आजारासोबत माणसं म्हातारी होतात. घरच्यांना लागंल का? नाही, हा संसर्गाचा आजार नाही. माझी बोटं येतील का? त्या म्हणाल्या, बरंच येतं. किती येईल ते मी आत्ता खोटं सांगणार नाही.

मला खरंच हलकं वाटलं. नऊ-दहा महिने जे चाललं होतं त्याला नाव मिळालं. मी वेडा नव्हतो, दारुडा नव्हतो, माझ्यावर करणी नव्हती.

पण त्या हलकेपणात एक वाक्य काट्यासारखं रुतलं. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून नाही. पहारेकऱ्यांनी घरच्याच माणसाला परकं समजून मारलं, हे ऐकताना माझ्या डोळ्यापुढं माझ्या नसा नव्हत्या. वार्निशच्या ट्रेपाशी मान खाली घालून उभे असलेले दाजी होते.

बिरूमामांचं कुत्रं

माझ्या शेजारच्या खाटेवर जतकडचे बिरूमामा होते. धनगर. मणक्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं उताणे पडून सगळ्या वॉर्डाचा कारभार बघायचे. मला काय झालंय ते सुनंदानं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आसं व्हय. आमच्यात कुत्री आशी करत्याती."

"कशी?"

"मेंढरं राखायला कुत्रं पाळायचं. लांडगा आला की फाडतंय. पर कवातरी एकादं कुत्रं बिघाडतं आन् आपल्याच कळपातलं मेंढरू फाडतं. लय इमानी कुत्रं आसतंया बरं का. त्याला वाटतं त्यो राखणच करतुय."

"मग काय करता? मारता?"

"छ्या! कुत्रं मारलं तर लांडग्याचं काय? दावं आखूड करायचं. लांब नजर जाईल, दात जाणार न्हाईत, एवढं."

सकाळच्या राउंडला मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. "ऐका. स्टेरॉइडनं आत्ता कुत्र्याला काठी दाखवून मागे हटवायचं. आणि पुढं कायम जे औषध चालणार, ते दावं. प्रतिकारशक्ती मारायची नाही, आवरायची. मामा, तुम्हाला फी द्यायला पाहिजे."

"फी नगं. भडंग आणा," बिरूमामा म्हणाले.

आणि मॅडमनी खरंच संध्याकाळी सांगलीच्या भडंगाचा पुडा पाठवला. स्टेरॉइडच्या सलाइननं मला अशी भूक लागलेली की तो पुडा बराचसा मीच संपवला. पाच दिवस सलाइन. ते दिवस मी आनंदाचे म्हणून आठवतो, आणि त्यात औषधाचाही हात होता. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, काहींना या औषधानं फार उल्हास येतो. मी सिस्टरना मोटरीचे प्रकार समजावून सांगत होतो. वॉर्डातला कुरकुरणारा पंखा मी खाटेवर बसून, फक्त ऐकून, दुरुस्त करायला सांगितला, आणि तो झाला.

त्यात पाहुणे यायला लागले. प्रत्येकाच्या हातात प्रतिकारशक्ती वाढवायचं काहीतरी. गुळवेलीचा काढा, कसली भुकटी, बाटल्या. "शक्ती कमी पडली म्हणून आजार झाला," हे सगळ्यांचं मत. बिरूमामा पडल्या पडल्या ओरडायचे, "न्या ते परत! बिघाडलेल्या कुत्र्याला खुराक चारताय व्हय?" मॅडमना विचारल्याशिवाय एकही बाटली उघडायची नाही, असा नियम सुनंदानं केला. हा नियम तुम्हीही करा. देणाऱ्यांचं प्रेम घ्यावं, बाटली बाजूला ठेवावी.

शिट्टी

सलाइनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात दाजी उभे राहिले. वॉचमनचा निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. सुनंदानं फोन केला होता. ड्यूटीवरून थेट एसटी पकडून आलेले.

मी खाटेवर उठून बसलो. दाजींनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि फौजी आवाजात म्हणाले, "क्या जवान! सिक रिपोर्ट किती दिवसाची?"

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं नाही असं केलं आणि पिशवीतून दाढीचं सामान काढलं. माझी दाढी केली. मग म्हणाले, "उठ. चाल बघू."

व्हरांड्यात त्यांनी मला चालवलं. पाऊल ओढलं जायचं. ते शेजारून "दाया-बाया, दाया-बाया" म्हणत होते. माझा पाय अडखळला की शिट्टी. तिसऱ्या शिट्टीला सिस्टर धावत आल्या.

"ओ आजोबा! हे हॉस्पिटल आहे. शिट्टी कसली वाजवताय?"

"आजोबा?" दाजी ताठ झाले. "मॅडम, मी ह्याचा दाजी हाय. आजोबा म्हणून ह्याचं वय कमी करू नका."

सगळा व्हरांडा हसला. सिस्टरनी शिट्टी जप्त केली आणि जाताना परत दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून सुती दोऱ्याचं बंडल काढलं. आपल्या कामाचाच दोरा. खाटेच्या दांडीला एक वेढा घातला आणि डाव्या हातानं गाठ मारून दाखवली. "बांध."

माझ्या बोटांना दोरा सापडत नव्हता. डोळ्यांनी बघून बघून मी बांधली. ती सुटली. "परत." परत सुटली. बोटांचे व्यायाम शिकवणारी पोरगी आली, तिनं बघितलं आणि म्हणाली, "हे माझ्या चेंडूपेक्षा भारी आहे. करा, करा." डिस्चार्जपर्यंत त्या दांडीवर गाठींची रांग झाली. एक डाव्या हाताची, एक उजव्या हाताची, एक डाव्या, एक उजव्या. माझ्या पहिल्या गाठी लोंबत होत्या. शेवटच्या दोन-तीन बसल्या होत्या.

त्या रांगेकडे बघत मी एकदा म्हणालो, "दाजी, ती तात्याची मोटर..."

"ही ढिली हाय," ते म्हणाले. "परत बांध."

मी परत बांधली. आणि गप्प बसलो. ते मला बोलू देत नाहीत असं मी स्वतःला सांगितलं. त्यात माझी सोय होती.

इस्लामपूरपर्यंत

घरी येताना गाडीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी सुनंदाला गाठीची सगळी गोष्ट सांगितली. मुठीतला दोरा, तंबाखूची डबी, सगळं. शेवटी म्हणालो, "आजारानं झालं गं. बोटांत जीवच नव्हता."

सुनंदा इस्लामपूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आवं, आजार बोटांत हुता तुमच्या. जिभंत नव्हता."

ह्या आजारानं मला जे जे शिकवलं, त्यात ह्या वाक्याएवढं मोठं दुसरं काही नाही. आजारी माणसाला सगळे माफ करतात. चिडला तरी आजारामुळं, विसरला तरी आजारामुळं. खरोखरच पुष्कळ गोष्टी आजारामुळं होतात आणि त्यांच्याबद्दल स्वतःला छळू नये. थकवा येतो तो आळस नसतो. पाय अडखळतो ती दारू नसते. पण ह्या चादरीखाली मी माझी एक जुनी गोष्ट सरकवू बघत होतो, आणि माझ्या बायकोनं ती चादर ओढली.

तरीही वर्ष गेलं. दाव्याचं औषध सुरू झालं. सुई टोचून घ्यायला सुरुवातीला मी लहान मुलासारखा कांगावा करायचो. आता चहा उकळेपर्यंत होऊन जातं. काम पहाटेच्या गारव्यात, भट्टीपासून लांब. आंघोळ गार पाण्यानं. करंट अजून कधीमधी बसतो, आता त्याची ओळख झालीय. डोळा जवळजवळ पूर्ण आला. सकाळी शटर उघडल्यावर तांब्याची तार तांबडी दिसली की मी अजून क्षणभर तिच्याकडे बघत उभा राहतो. एवढ्या सुंदर रंगाशी इतकी वर्षं काम करत होतो आणि कधी बघितलाच नव्हता! बोटं बारा आणे आली. बारीक तार मी भरत नाही, जाड भरतो.

आक्का डबा पाठवायची, तब्येत विचारायची. राखी मात्र त्याही वर्षी नाही.

पायऱ्या

आक्कानं औंधच्या यमाईला नवस बोलला होता की अशोक आपल्या पायांनी वर येईल. थंडीत, सकाळी लवकर, ती मला घेऊन गेली. डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या मी दहा-दहा करत चढत होतो. मानेवर ओलं फडकं, हातात काठी. आक्का पाच पायऱ्या पुढं जायची, थांबायची, "ये रं, देवी काय जेवायला न्हाई बसली, दमानं ये," म्हणायची. अर्ध्यावर आम्ही बसलो. खाली गाव दिसत होतं. मी खूश होतो. वर्षभरापूर्वी पाटावरून उठता येत नव्हतं आणि आता मी डोंगर चढत होतो. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आक्का म्हणाली, "एक इचारू? माझ्या नवऱ्याचं काय चुकलं हुतं?"

"ते काय म्हणत्यात?"

"त्यो माणूस काय म्हणतुय! 'काय न्हाई, मला कंटाळा आला वाइंडिंगचा.' पंधरा वरसं पोटच्या पोरावानी दुकान सांभाळलं आन् कंटाळा आला? लग्नघरात लोकं त्याला शिट्टी म्हणून हाक मारत्यात, अशोक. खरंच नजर गेली असंल तर तसं सांग. मला घरात सुईत दोरा त्योच ओवून देतुय."

मी म्हणालो, "कायबी चुकलं न्हाई त्यांचं. माझं चुकलं." आणि तिथंच पायरीवर बसून सगळं सांगितलं.

ती रडेल, मारेल असं वाटलं. तिनं माझ्या मानेवरचं फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्यानं ओलं केलं, पिळलं आणि परत ठेवलं.

"हे मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "ज्यांच्या म्होरं बोललास, त्यांच्या म्होरं सांग. मग राखी. आता उठ, पायऱ्या ऱ्हायल्यात."

तंबाखूची डबी

मी माफी लिहून काढली. दोन पानं झाली. सुनंदानं पेन घेतलं आणि जिथं जिथं "आजारामुळे" होतं तिथं तिथं रेघ मारली. पाऊण पान उरलं. मग "मला वाटलं", "त्या परिस्थितीत", "तात्या ओरडले म्हणून" गेलं. चार ओळी उरल्या. "ह्या पाठ करा," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मी भीमराव तात्यांना दुकानात बोलावलं. त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी आणखी दोघं सापडले, त्यांनाही. दाजींना म्हणालो, आक्काला घेऊन या. सुनंदानं चहा ठेवला. तात्या म्हणाले, "काय गड्या, दुकानाची वास्तुशांत हाय का काय?"

मी ड्रॉवर उघडून डबी काढली. काळा पडलेला दोरा बाकावर ठेवला. 

"तात्या, दोन उन्हाळ्यामागं तुमची मोटर जळाली. ती दाजींनी भरली न्हवती. मी भरली हुती. ही तिच्यातली गाठ. उजव्या हाताची हाय. दाजी डावखुरे हायत. मी गाठ बघितली, तोडली, आन् तुमच्या म्होरं दाजींचं नाव घेतलं."

मग तात्यांचा चेहरा तांबडा होत गेला.

"म्हंजे दोन वरसं मी लग्नात ह्या माणसाला बघून त्वांड फिरवतुय, ते तुझ्यापायी व्हय रं? शिट्टी वाजवून माझी गाडी लावून घेतली ह्यानं. मी रामराम घाटला न्हाई!" ते दाजींकडे वळले. "आवं, तुमी तरी बोलायचं हुतं की!"

दाजी दोरा हातात घेऊन बघत होते. "मी बघितलेली ही गाठ," ते म्हणाले. "तू झाकण काढलंस तवाच. ट्रेपासनं दिसत हुती."

मी म्हणालो, "तुमाला माहीत हुतं? मग गप का ऱ्हायला?"

"गिऱ्हाइकाम्होरं तुला खोटं पाडू व्हय? म्हटलं, सांजंला सांगशील. मग म्हटलं उंद्या सांगशील." त्यांनी दोरा बाकावर ठेवला. "जरा लय थांबाय लागलं, एवढंच. आन् खरं सांगू का, ही गाठ बघूनच कळलं हुतं मला. तुझ्या बोटाला कायतरी झालंय म्हणून. आशी ढिली गाठ तू कवा मारली न्हाईस. मी त्याच दिवशी धरून दवाखान्यात न्यायला पायजे हुतं तुला. रागात ऱ्हायलो. ते माझं चुकलं."

आक्का पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, मला दिसत नव्हतं.

मी पुढं झालो आणि दाजींच्या पायाशी वाकलो. मान खाली गेली तसा पाठीतून टाचेपर्यंत करंट गेला, नेहमीचा, झिण्ण. त्या दिवशी तो चांगला वाटला. सगळ्या तारा जिथं पोचायच्या तिथं पोचत होत्या. पाठ केलेल्या चार ओळी मी पायांशीच म्हटल्या.

"दाजी, मोटर मी जाळली. खोटं मी बोललो. तुमचं नाव मी घालवलं, आन् ठाऊक असून इतके दिवस गप बसलो. मला माफ करा."